मानसोपचारतज्ज्ञाला पगार कोण देतं? अमेरिकेतल्या अध्यापन रुग्णालयांची शंभर वर्षं

इतिहासाची साधनं म्हटली की आपल्याला पत्रं, रोजनिशा, सरकारी अहवाल, फार तर न्यायालयीन कागद आठवतात. पगारपत्रक सहसा कुणाला आठवत नाही. आज आपण एक पगारपत्रकच वाचायला घेऊ. विषय आहे अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली मोठी रुग्णालयं. तिथे रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही कामं एकाच छताखाली चालतात. सोयीसाठी त्यांना या लेखात ‘अध्यापन रुग्णालय’ म्हणू. आणि प्रश्न साधा आहे: तिथल्या मानसोपचारतज्ज्ञाला पगार नक्की कोण देतं?

समजा, अशा एका संस्थेत एक सहयोगी प्राध्यापिका आहेत. त्यांचा आठवडा असा: दोन दिवस माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात, दीड दिवस विद्यापीठाच्या बाह्यरुग्ण विभागात, एक दिवस संशोधन आणि उरलेला अर्धा दिवस रेसिडेंट डॉक्टरांना शिकवणं. पगाराच्या दिवशी त्यांच्या खात्यात दोन ठिकाणांहून पैसे जमा होतात. पण त्या दोन रकमांच्या मागे जाऊन पाहिलं तर पाच-सहा वेगवेगळ्या थैल्या दिसतात: केंद्र सरकारचं माजी सैनिक खातं, विद्यापीठाचा मूळ पगार, संशोधन अनुदान, रुग्णांच्या विम्याची बिलं, रुग्णालयाने विभागाला दिलेली भर, कधी एखाद्या दात्याचा स्थायी निधी. या बाई काल्पनिक आहेत, पण यातली प्रत्येक थैली खरी आहे.

जुन्या वाड्यात प्रत्येक पिढी एकेक खोली वाढवत जाते, आधीची कुणी पाडत नाही, तसं हे पगारपत्रक आहे. प्रत्येक ओळ वेगळ्या काळात जोडली गेली आणि त्या त्या काळाच्या गरजेने. मानसोपचाराचं मुख्य साधन आहे वेळ. शल्यविशारदाने किती शस्त्रक्रिया केल्या हे मोजता येतं. मानसोपचारतज्ज्ञाने एक तास ऐकून घेतलं, तर तास मोजता येतो, त्या तासात काय घडलं ते मोजता येत नाही. त्यामुळे हा वेळ कुणीतरी बाहेरून विकत घ्यावा लागला: कधी दात्याने, कधी सरकारने, कधी विमा कंपनीने. आणि ज्याने तो विकत घेतला, त्याने ‘मानसोपचार म्हणजे काय’ हेही थोडंफार ठरवलं. हा या लेखाचा मुद्दा. आता खोल्या एकेक करून पाहू.

पहिली खोली: ‘पूर्णवेळ’ प्राध्यापक

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतला बहुतेक डॉक्टर फीवर जगायचा. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणं हे प्रतिष्ठेचं काम होतं, पोटाचं नव्हे. सकाळी वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवायचं, दुपारनंतर स्वतःचे श्रीमंत रुग्ण पाहायचे. मुंबईतल्या जुन्या ‘ऑनररी’ डॉक्टरांची पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

मानसोपचाराची गोष्ट मात्र तेव्हाही वेगळी होती. 1844 मध्ये ज्या तेरा जणांनी एकत्र येऊन आजच्या अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनची पूर्वज संघटना स्थापली, ते सगळे मनोरुग्णालयांचे अधीक्षक होते. म्हणजे पगारी माणसं. अधीक्षकाचं घर आवारातच असायचं. मनोविकारांवर काम करणारा डॉक्टर, निदान या परंपरेत, सुरुवातीपासून संस्थेचा नोकर होता. इतर डॉक्टर फीकडून पगाराकडे आले. मानसोपचार पगारातच जन्मला आणि फीकडे नंतर गेला. ही उलटी चाल लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

1910 मध्ये अब्राहम फ्लेक्सनरचा वैद्यकीय शिक्षणावरचा प्रसिद्ध अहवाल आला. तो बहुतेकांना माहीत असतो. पण पगाराच्या इतिहासात त्याहून महत्त्वाचं वर्ष आहे 1913. त्या वर्षी रॉकफेलरांच्या पैशावर चालणाऱ्या जनरल एज्युकेशन बोर्डाने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला 15 लाख डॉलर दिले. अट अशी की औषधशास्त्र, शस्त्रक्रिया आणि बालरोग या तीन विभागांचे प्राध्यापक ‘पूर्णवेळ’ असतील. खासगी रुग्ण तपासला तरी फी त्यांच्या खिशात जाणार नाही, संस्थेकडे जाईल.

यावर केवढा वाद झाला! विल्यम ऑस्लर, हॉपकिन्सचेच माजी प्राध्यापक, तोवर ऑक्सफर्डला गेले होते. त्यांनी 1911 मध्येच विद्यापीठाच्या अध्यक्षांना पत्र लिहून विरोध कळवला होता. त्यांची भीती अशी की असा प्राध्यापक प्रयोगशाळेत रमेल आणि बाहेरच्या जगाशी, साध्या डॉक्टरांशी आणि रुग्णांशी त्याचा संबंध तुटेल. औषधशास्त्राचे प्राध्यापक लुएलिस बार्कर यांनी पूर्णवेळ पद नाकारलं. त्यांच्या जागी आलेले थिओडोर जेनवे यांनी 1917 मध्ये राजीनामा दिला. पगारात भागत नाही, हे त्यामागचं एक मुख्य कारण. हार्वर्डने ही कडक अट मान्यच केली नाही आणि पुढे मधली वाट काढली: प्राध्यापकाचं ऑफिस रुग्णालयातच असेल, पण मर्यादित खासगी प्रॅक्टिस चालेल. याला ‘भौगोलिक पूर्णवेळ’ असं मजेशीर नाव पडलं. आजच्या बहुतेक पगाररचना या मधल्या वाटेच्या वंशातल्या आहेत.

त्या तीन विभागांत मानसोपचार नव्हता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो विद्यापीठात आला वेगळ्या दाराने. मिशिगनमध्ये 1906 साली आणि बॉस्टनमध्ये 1912 साली जी मनोरुग्ण चिकित्सालयं सुरू झाली, त्यांच्यामागे राज्य सरकारचा पैसा होता. हॉपकिन्समध्ये 1913 च्या एप्रिलमध्ये फिप्स क्लिनिक उघडलं ते हेन्री फिप्स या पोलाद उद्योजकाच्या देणगीतून. त्याचे प्रमुख अॅडॉल्फ मायर. रुग्णाची संपूर्ण जीवनकथा नोंदवायची, ही त्यांची पद्धत. अशा नोंदी घ्यायला किती वेळ लागत असेल, विचार करा. तो वेळ परवडला, कारण ताशी हिशेब मागणारं कुणी नव्हतं.

1930 च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनचे अॅलन ग्रेग यांनी मानसोपचाराला अग्रक्रम दिला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये 1934 साली स्टॅनली कॉब यांचा विभाग उभा राहिला तो याच पैशावर. सामान्य रुग्णालयाच्या आत मानसोपचार विभाग असणं आज आपल्याला स्वाभाविक वाटतं. तेव्हा ती एका दात्याने विकत घेतलेली कल्पना होती.

दुसरी खोली: युद्धानंतरचा सरकारी पैसा

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटलं. हजारो सैनिक मानसिक कारणांमुळे सेवेतून परत आले. युद्ध संपलं तेव्हा माजी सैनिकांच्या रुग्णालयांतले निम्म्याहून अधिक रुग्ण मज्जातंतू आणि मनोविकारांचे होते. डॉक्टर मात्र मुळातच थोडे.

1946 मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने दोन निर्णय झाले. जानेवारीत माजी सैनिक प्रशासनाने आपली रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडायचं धोरण जाहीर केलं. तेव्हापासून एकच डॉक्टर दोन्हीकडे काम करू लागला. या व्यवस्थेत अर्धवेळ नोकरी ‘अष्टमांशां’त मोजायची पद्धत रुजली. ‘मी तिथे पाच अष्टमांश आहे’ असं वाक्य तिथल्या प्राध्यापकांच्या बोलण्यात सर्रास ऐकू येतं. लहान विभागांसाठी हा मोठा आधार ठरला, कारण सरकारी पगार दर महिन्याला येतो, रुग्ण कमी आले म्हणून कमी होत नाही.

जुलैमध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायद्यावर सही केली. त्यातून 1949 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएमएच, उभी राहिली. रॉबर्ट फेलिक्स तिचे पहिले संचालक. या संस्थेने संशोधनाला पैसा दिलाच, पण तितकाच महत्त्वाचा होता प्रशिक्षणाचा पैसा: रेसिडेंटना विद्यावेतन आणि त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांना पगार. शिकवण्याच्या तासाला स्वतःचा असा पैसा मिळाला. अमेरिकन अध्यापन रुग्णालयांच्या इतिहासात असा काळ फार थोडा आहे.

याच काळात मनोविश्लेषण विद्यापीठांत शिरलं, हा योगायोग मानू नका. 1950 आणि 60 च्या दशकांत अनेक विभागप्रमुख मनोविश्लेषक होते. एका रुग्णाला आठवड्यातून चार-पाच तास देणारी पद्धत विमा बिलावर विद्यापीठात टिकली नसती. ती टिकली कारण शिकवण्याचा वेळ सरकार देत होतं आणि संध्याकाळी खासगी रुग्ण रोख फी देत होते. 1970 च्या दशकात निक्सन प्रशासनाने ही प्रशिक्षण अनुदानं गुंडाळायचा प्रस्ताव मांडला आणि पुढे हा ओघ आटत गेला. विभागांसमोर प्रश्न आला की शिकवणाऱ्याला आता पगार कुठून द्यायचा? उत्तर तयार होतं: बिलातून.

तिसरी खोली: बिल

30 जुलै 1965 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या योजनांवर सही केली. पहिली वृद्धांसाठी, दुसरी गरिबांसाठी. तोवर अध्यापन रुग्णालयातले गरीब रुग्ण ‘धर्मादाय’ असायचे. त्यांच्यावर विद्यार्थी शिकायचे, प्राध्यापक फुकट तपासायचे. एका रात्रीत हे रुग्ण पैसे देणारे झाले. प्राध्यापकांची बिलं एकत्र जमा करून वाटणाऱ्या ‘प्रॅक्टिस प्लॅन’ नावाच्या व्यवस्था फोफावल्या. त्या उत्पन्नातला काही टक्के हिस्सा महाविद्यालयाच्या डीनकडे जायचा. त्याला सगळे ‘डीनचा कर’ म्हणतात, आजही.

पण मानसोपचाराला या दारातून पूर्ण आत घेतलंच नाही. कायद्यात एक कलम होतं. बाकी बाह्यरुग्ण सेवांचा 80 टक्के खर्च मेडिकेअर देणार. मानसिक आजाराच्या सेवेचा फक्त 62.5 टक्के खर्च आधी मान्य धरायचा आणि त्याच्या 80 टक्के द्यायचे. म्हणजे प्रत्यक्षात 50 टक्के. शिवाय वर्षाची कमाल मर्यादा 250 डॉलर. ही मर्यादा 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तशीच होती. निम्मा खर्च रुग्णाने सोसायचा हा नियम 2008 च्या कायद्याने हटवायचं ठरलं आणि 2014 साली तो पूर्णपणे गेला. जवळजवळ पन्नास वर्षं! स्वतंत्र मनोरुग्णालयात आयुष्यभरात 190 दिवस, ही मेडिकेअरची मर्यादा तर अजून आहे. मेडिकेडमध्येही 16 पेक्षा जास्त खाटांच्या मनोरुग्ण संस्थेत 21 ते 64 वयाच्या रुग्णाचा खर्च केंद्र सरकार सहसा देत नाही.

असं का केलं? मनोरुग्णालयं हा राज्यांचा खर्च मानला जायचा आणि तो केंद्राला अंगावर घ्यायचा नव्हता, हे एक कारण. दुसरं कारण आपल्या मुद्द्याशी जुळतं: बोलण्याचे उपचार कुठे संपतात हे कुणी सांगू शकत नाही, मग पैसे किती द्यायचे, अशी धास्ती होती. 1983 मध्ये मेडिकेअरने रुग्णालयांना निदानागणिक ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, तेव्हा हेच पुन्हा दिसलं. मनोविकारांत निदानावरून मुक्काम किती दिवसांचा होईल याचा अंदाज बांधता येत नव्हता. म्हणून मानसोपचार वॉर्ड त्या पद्धतीतून वगळले गेले. शेवटी 2005 पासून त्यांना दिवसागणिक दर मिळू लागला.

याच खोलीत अध्यापनाचाही एक गंमतशीर कागद सापडतो. रेसिडेंटने रुग्ण तपासला आणि प्राध्यापकाने नुसती सही केली, तर प्राध्यापकाच्या नावाने बिल लावता येईल का? 1969 पासून सरकार यावर पत्रकं काढत होतं. 1990 च्या दशकात तपासणीची मोहीम निघाली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 1995 साली 3 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. 1 जुलै 1996 पासून नियम झाला: बिल लावायचं तर कामाच्या मुख्य भागात प्राध्यापक प्रत्यक्ष हजर हवा. मानसोपचाराला मात्र सवलत मिळाली. प्राध्यापकाने एकतर्फी काचेतून किंवा व्हिडिओवरून मुलाखत पाहिली तरी ती हजेरी धरली जाते. कारण उघड आहे. खोलीत तिसरा माणूस बसला की संभाषणच बदलतं. सरकारी नियमात मानसोपचाराचं वेगळेपण इतक्या स्पष्टपणे मान्य झालेलं क्वचितच दिसेल.

चौथी खोली: श्रमाचं एकक

आता येतो तो शब्द जो आजच्या अमेरिकन डॉक्टरच्या करारात हमखास असतो: आरव्हीयू, म्हणजे सापेक्ष मूल्याचं एकक. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ विल्यम शाओ आणि त्यांच्या गटाने 1980 च्या दशकात एक अवघड प्रश्न हातात घेतला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि अर्धा तासाचं संभाषण, यात काम किती पट जास्त? वेळ, बौद्धिक प्रयत्न, कौशल्य, ताण असे घटक धरून त्यांनी प्रत्येक सेवेला अंक दिला. निष्कर्ष 1988 मध्ये प्रसिद्ध झाले, 1989 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 1992 पासून मेडिकेअरने तो दर लावला. खासगी विमा कंपन्याही बहुतांशी याच मापाने मोजू लागल्या.

शाओंचा हेतू ‘विचार करणाऱ्या’ शाखांना न्याय देण्याचा होता. पण पुढे दोन गोष्टी झाल्या. एक, अंक बदलण्याच्या शिफारशी करायचं काम अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1991 मध्ये नेमलेल्या समितीकडे गेलं आणि तिथे शस्त्रक्रिया व प्रक्रिया करणाऱ्या शाखांचं वजन मोठं होतं. दोन, एकाचा अंक वाढवला तर एकूण खर्च जागेवर ठेवण्यासाठी दुसऱ्याचं कुठेतरी कमी करायचं, असं बंधन होतं. एका एककाला डॉलरमध्ये बदलणारा आकडा 1992 मध्ये सुमारे 31 डॉलर होता. 2025 मध्ये तो सुमारे 32.35 डॉलर होता. महागाई धरली तर तो किती खाली आला, हे गणित तुम्हीच करा.

आता एका तासाचा हिशेब मांडू. 2014 ते 2020 या काळातले डॉक्टरच्या श्रमाचे अंक घ्या. साठ मिनिटांच्या मानसोपचाराला 3.00 एककं. मध्यम गुंतागुंतीच्या, औषधं पाहण्याच्या एका भेटीला 1.50. त्याच भेटीला साधारण अर्ध्या तासाच्या बोलण्याची जोड दिली तर आणखी 1.50; ती जोड लावायला बोलण्याची किमान 16 मिनिटं पुरतात. मग एका तासात:

फक्त बोलणं, एक रुग्ण: 3.00.
औषधांच्या तीन भेटी, वीस-वीस मिनिटांच्या: 4.50.
दोन रुग्ण, प्रत्येकी अर्धा तास, औषधं अधिक थोडं बोलणं: 6.00.

कुणीही ‘रुग्णाशी बोलू नका’ असा हुकूम काढला नाही. गरजच नव्हती. करारात ‘वर्षाला इतकी एककं’ लिहिलं की उरलेलं काम अंकगणित करतं. रामिन मोजताबाई आणि मार्क ओल्फसन यांनी 2008 मध्ये दाखवलं की अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांकडच्या भेटींत बोलण्याच्या उपचारांचा वाटा 1996-97 मध्ये 44.4 टक्के होता, तो 2004-05 मध्ये 28.9 टक्क्यांवर आला. म्हणजे ही घसरण वरच्या आकड्यांच्याही आधीची. तिला नवी औषधं आणि विमा कंपन्यांचे निर्बंध हीही कारणं होती. एकच कारण पकडून बसू नका. पण दराचा तक्ता न पाहता हा बदल समजून घेता येणार नाही, एवढं नक्की.

याचा दुसरा परिणाम रुग्णांवर झाला. 2014 मधल्या एका अभ्यासात आढळलं की 2009-10 मध्ये खासगी विमा घेणारे मानसोपचारतज्ज्ञ 55.3 टक्के होते, इतर डॉक्टर 88.7 टक्के. ज्याला जमतं तो विम्याच्या बाहेर जाऊन रोख फी घेतो. विमा घेणारे मागे कोण उरतात? मुख्यतः अध्यापन रुग्णालयं आणि सरकारी केंद्रं. जास्त आजारी, कमी पैशाचे रुग्ण तिथे येतात आणि प्रतीक्षा यादी लांबते. त्यांना तपासणारे बहुधा तरुण प्राध्यापक असतात, आणि बाहेर जास्त पैसे मिळतात हे त्यांनाही दिसत असतं. जेनवे यांची 1917 ची अडचण अजून संपलेली नाही.

पाचवी खोली: संशोधनाचा वेळ

संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाचा वेळ अनुदान ‘विकत घेतं’. तिथली भाषाच अशी आहे. तरुण संशोधकांसाठीच्या के-अनुदानांत साधारण 75 टक्के वेळ संशोधनाला द्यायची अट असते. पण सरकार पूर्ण पगार भरून देत नाही. 1990 पासून पगारावर कमाल मर्यादा आहे आणि 2012 मध्ये ती 1,99,700 वरून 1,79,700 डॉलरवर खाली आणली गेली. 2025 मध्ये ती 2,25,700 डॉलर होती.

समजा, एखाद्याचा पगार 3,00,000 डॉलर आहे आणि निम्मा वेळ अनुदानावर आहे. विभागाला त्या निम्म्या वेळेचे 1,50,000 डॉलर द्यायचे आहेत. सरकार देणार 2,25,700 च्या निम्मे, म्हणजे 1,12,850. उरलेले 37,150 डॉलर विभागाने कुठून तरी आणायचे. कुठून? पुन्हा रुग्णांच्या बिलातून किंवा रुग्णालयाच्या मदतीतून. म्हणजे मोठं अनुदान आणणारा संशोधक विभागाला प्रतिष्ठा देतो आणि तूटही देतो.

या तुटीच्या फटीतून औषध कंपन्यांचा पैसाही आला: व्याख्यानांचं मानधन, सल्लागारपदं, चाचण्यांचे करार. 2008 मध्ये सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीत काही नामांकित मानसोपचार प्राध्यापकांनी असं उत्पन्न विद्यापीठाला पूर्ण कळवलं नसल्याचं पुढे आलं. 2010 च्या आरोग्य कायद्यात अशी देणी जाहीर करायची सक्ती आली आणि 30 सप्टेंबर 2014 पासून ती माहिती कुणालाही पाहता येते. हा सगळा दोष व्यक्तींचा होता असं म्हणणं सोपं आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा: ही थैली कुठली रिकामी जागा भरत होती?

आजची रचना आणि एक नवा प्रयोग

आज बऱ्याच संस्थांत पगाराचे दोन-तीन थर असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या योजनेत त्यांना सरळ अक्षरं दिली आहेत: एक्स म्हणजे पदानुसार मूळ पगार, वाय म्हणजे वाटाघाटीने ठरलेली भर, झेड म्हणजे कामगिरीवरचा बोनस. मानसोपचार विभाग अनेकदा स्वतःच्या बिलांवर पूर्ण उभा राहू शकत नाही. मग रुग्णालय भर घालतं. उदाहरणार्थ, हृदयविभागात दाखल रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागला की मानसोपचारतज्ज्ञाला बोलावतात. त्या भेटीच्या बिलात भागत नाही, पण रुग्ण लवकर घरी गेला तर रुग्णालयाचा फायदा होतो. म्हणून रुग्णालय तो पगार सोसतं.

एक प्रयोग लक्ष ठेवण्यासारखा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात, म्हणजे सिअॅटलला, वाढलेल्या ‘सहयोगी उपचार’ पद्धतीत मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक रुग्णांना भेटतच नाही. तो दर आठवड्याला काळजी-समन्वयकाबरोबर यादी तपासतो आणि प्राथमिक डॉक्टरला सल्ला देतो. 2017 पासून मेडिकेअर यासाठी महिन्यागणिक पैसे देतं. बिल प्राथमिक डॉक्टर लावतो आणि मानसोपचारतज्ज्ञाचा वाटा त्यातून येतो. भेटीऐवजी विचार करण्याच्या वेळेला पैसे, ही कल्पना या इतिहासात नवीच म्हणायची.

तुम्ही यावर काम करणार असाल तर

तीन गोष्टी सुचवते. पहिली: उपचारपद्धतींचा इतिहास वाचताना प्रत्येक वेळी विचारा, हा तास कोण भरत होतं? मायर यांच्या जीवनकथा, 1950 च्या दशकातलं मनोविश्लेषण, आजची वीस मिनिटांची भेट, या तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. ‘कल्पना बदलल्या म्हणून उपचार बदलले’ असं विधान लिहिण्याआधी हिशेबाची वही उघडा.

दुसरी: साधनं कोरडी दिसली तरी टाळू नका. रॉकफेलर अर्काइव्ह सेंटरमध्ये जनरल एज्युकेशन बोर्डाचे आणि फाउंडेशनचे कागद आहेत. मायर यांचे कागद हॉपकिन्सच्या वैद्यकीय अभिलेखागारात आहेत. मेडिकेअरचे नियम फेडरल रजिस्टरमध्ये छापले जातात आणि नियमाआधी आलेल्या हरकतींना सरकारने दिलेली उत्तरंही तिथेच मिळतात. खरा वाद त्या उत्तरांत सापडतो.

तिसरी: काही प्रश्न आपल्या जवळचे आहेत. 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतातून, आपल्या महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतूनही, अनेक डॉक्टर अमेरिकेत गेले. सरकारी मनोरुग्णालयं आणि माजी सैनिकांची रुग्णालयं, जिथे स्थानिक पदवीधर जायला फारसे राजी नसत, तिथे परदेशी डॉक्टरांनी काम उचललं. त्या पिढीतली माणसं आता वृद्ध आहेत. त्यांचं काम कोणत्या थैलीतून चाललं, विद्यापीठाचं दार त्यांना किती उघडलं, हे त्यांच्याच तोंडून, मराठीत, नोंदवता येईल. त्यासाठी मोठं अनुदान लागत नाही. एक रेकॉर्डर, थोडी तयारी आणि भरपूर वेळ पुरतो. तो वेळ तुम्हाला कोण देणार, हा प्रश्न मात्र संशोधनाचा आराखडा लिहितानाच सोडवून ठेवा.